मन लागण्याची वाट न पाहता

ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "मन लागलं की जाईन पुन्हा फिरायला," आणि आपण दोघांनीही तो विषय तिथेच सोडून दिला. फोनवर एकमेकांची खुशाली विचारण्यातच वेळ निघून जातो, आणि मनाबद्दल उघड बोलण्याची आपल्या घरात कोणालाच सवय नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. तुम्हाला उपदेश करण्याइतकी मी मोठी झालेली नाही. पण तुमचे हेच वाक्य मागच्या हिवाळ्यात मी रोज स्वतःला ऐकवत होते, हे मी तुम्हाला कधी सांगितले नव्हते.

इथे डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधारून येते. सुट्टीच्या दिवशी एक पायमोजा पायात आणि दुसरा हातात अशा अवस्थेत मी पलंगाच्या कडेला अर्धा अर्धा तास बसून राहत असे. दुःख म्हणावे असे काही नव्हते, रडूही येत नव्हते. फक्त दुसरा मोजा चढवण्याचे कारण सापडत नसे. शेवटी ज्या समुपदेशक बाईंकडे गेले, त्यांनी मला कारण शोधणे थांबवायला सांगितले. मोजा चढवा, बूट घाला, दारापर्यंत जा, आणि तिथून परत यावेसे वाटले तर खुशाल परत या, एवढाच त्यांचा पहिला गृहपाठ होता. खरे सांगायचे तर एवढ्यासाठी पैसे मोजले याचा मला त्या दिवशी राग आला होता.

त्यामागचा विचार मात्र पुढे मला पटला. पीटर लेविनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात असे मांडले की, मन खचले की माणूस एकेक गोष्ट करायची सोडतो. गोष्टी सुटल्या की त्यांतून मिळणारे छोटे छोटे समाधानही बंद होते. आणि ते बंद झाल्यामुळे मन आणखी खचते. हे चक्र विचारांच्या बाजूने तोडता येते तसेच कृतीच्या बाजूनेही तोडता येते. नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली नैराश्याच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, केवळ दिवसभराच्या कृती पुन्हा सुरू करून देण्याचा परिणाम विचार आणि कृती दोन्हींवर काम करणाऱ्या संपूर्ण उपचारपद्धतीइतकाच झालेला दिसला. म्हणजे "मन लागलं की जाईन" यातला क्रमच उलटा आहे, बाबा. आधी जायचे, आणि मन आपल्या सवडीने मागून येते. कधी कधी येतही नाही, पण निदान पाय तरी मोकळे होतात.

फिरण्याबरोबर उजेड मिळतो, हा त्यातला दुसरा लाभ. मी एकदा मोबाइलवरच्या मापकाने उजेड मोजून पाहिला. दिवा लावलेल्या टेबलाजवळ तीनशे लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास आकडा आला, आणि भर दुपारी, पण पूर्ण ढगाळ आकाशाखाली, तो चार हजारांच्या पुढे गेला. मोबाइलचे माप ढोबळच असते. तरीही आपल्या डोळ्यांना जवळपास सारख्याच वाटणाऱ्या या दोन उजेडांत एवढा फरक असेल, अशी मला कल्पना नव्हती. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी मुख्यतः मेंदूतील घड्याळाला दिवस-रात्र कळवण्याचे काम करतात, हे २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. सकाळी त्यांना भरपूर उजेड मिळाला की रात्रीची झोपही वेळेवर येऊ लागते. इथे आम्ही त्या उजेडासाठी तडफडतो, आणि तुमच्याकडे तो दारात येऊन उभा असताना तुम्ही पडदा ओढून बसता, हे मला अजिबात मान्य नाही.

आता झोपेविषयी, कारण आई म्हणाली की तुम्ही नऊ वाजताच आडवे होता आणि बारापर्यंत कूस बदलत राहता. निवृत्तीनंतर संध्याकाळ मोठी होते आणि ती लवकर संपवण्याचा हा एकच मार्ग दिसतो, हे मी समजू शकते. पण रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली सुचवलेली पद्धत नेमकी याच्या उलट आहे: डोळे मिटू लागले तरच अंथरुणावर जायचे, बराच वेळ झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे आणि पेंग आली की परतायचे, आणि रात्र कशीही गेली असली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठायचे. अंथरुणावर जागे पडून राहण्याची सवय झाली की शरीर अंथरूण पाहूनच जागे होऊ लागते, असा त्यामागचा तर्क आहे. पहिले आठ-दहा दिवस मला हे फार जड गेले, दिवसा डोळ्यांवर झापड येत होती. मग हळूहळू घडी बसली. तुम्ही रात्री उठाल तेव्हा दिवा लावूनच उठा, अंधारात धडपडू नका.

काळजी करण्याचा तुमचा स्वभाव तर माझ्यातही पुरेपूर उतरला आहे. त्यासाठी थॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये सुचवलेली युक्ती ऐकल्यावर मी हसले होते: काळजी करायचीच असेल तर रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास करावी, आणि इतर वेळी ती मनात आली की तिला त्या वेळेवर ढकलावे. मी संध्याकाळी सहाची वेळ ठरवली. दिवसभरात जे जे सुचेल ते वहीत एका ओळीत टिपून ठेवते आणि सहा वाजता वही उघडते. गेल्या मंगळवारच्या पानावर चार ओळी आहेत; त्यांतली एक "साहेब आज असे का बोलले" अशी आहे, आणि ते नक्की काय बोलले होते हे संध्याकाळपर्यंत मलाच आठवेना. दुसरी ओळ तुमच्या तब्येतीची होती. ती रोजच असते.

कृतज्ञतेची वही ठेवावी, ध्यानाला बसावे, असेही अनेकजण सुचवतात. अनेकांना त्याचा लाभ होतही असेल. मला मात्र रोज तीन चांगल्या गोष्टी आठवून लिहिताना शाळेतला निबंध लिहिल्यासारखे वाटले, म्हणून आठवड्याभरात मी तो नाद सोडला. सगळे एकदम सुरू करण्याच्या फंदात तुम्हीही पडू नका. लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा ९६ जणांवरील एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यम मानाने ६६ दिवस लागतात, पण एखाद्याला १८ पुरतात तर दुसऱ्याला २५४ लागू शकतात, असा हिशेब निघाला. मला त्यातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वेगळीच वाटली: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. एक दिवस खंड पडला की "मोडलं आता" म्हणून तुम्ही सगळेच सोडून देता. यावेळी तसे करू नका.

एक गोष्ट थोडी धीटपणे लिहिते. हे उपाय दैनंदिन मरगळीसाठी आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ उदास जात असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, तर आईला आणि डॉक्टरांना सांगायचे; आणि जगणे नकोसे झाल्याचा विचार मनात डोकावला, तर तो आला त्याच दिवशी सांगायचे; रविवारच्या फोनची वाट पाहायची नाही. रक्तदाबाची गोळी तुम्ही निमूट घेता, यातही तितकाच निमूटपणा अपेक्षित आहे.

तुमच्यासाठी पहिल्या आठवड्याचा गृहपाठ ठरवते: सकाळी पडदा उघडायचा, चपला घालायच्या आणि फाटकापर्यंत जायचे. तिथून परत आलात तरी चालेल. कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने एक टिंब काढायचे. येत्या रविवारी मी "कसं वाटतंय" असे विचारणार नाही, कारण त्याचे उत्तर तुम्ही "ठीक आहे" असेच देणार. टिंबे किती झाली, एवढेच विचारेन. दोन असली तरी दोनच सांगा. आईला मोजायला लावू नका, ती लाडाने वाढवून सांगेल.

आईला सा. नमस्कार.

तुमची,
धाकटी