माझ्या कार्डावरचं 'नॉर्मल'

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

साहेब, मी धाराशिव जिल्ह्यातली. वय 31, दुसऱ्या खेपेचा सातवा महिना आणि गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर. काल दवाखान्यातून माझं जुनं कार्ड मिळालं. त्यावर लिहिलंय, 'गर्भाशयमुख तपासणी : नॉर्मल'. तारीख गेल्या वर्षीच्या शिबिराची. त्या दिवशी मी टेबलावर चढलेच नव्हते. बीपी घेतला, अंगठा घेतला, बॅनरसमोर फोटो काढला, एक केळं दिलं.

तिसऱ्या महिन्यापासून अंगावरून लाल जात होतं. दवाखान्यात म्हणाले, "गरोदरपणात होतं असं, आराम करा." सोनोग्राफीत बाळाचं डोकं मोजलं, मांडीचं हाड मोजलं. आतून यंत्र लावून बघायला दोन मिनिटं लागतात, ती पाचव्या महिन्यापर्यंत कुणाला मिळाली नाहीत. तोवर गाठ नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

शेक, म्हणजे रेडिएशन, दिला तर बाळ जातं, म्हणून केमो. ती पहिले तीन महिने उलटल्यावर चालते, हे मोठ्या दवाखान्यात गेल्यावर कळलं. दर तीन आठवड्यांनी एक, मग पस्तिसाव्या आठवड्याच्या आसपास सिझर आणि त्याच टेबलावर पिशवी काढायची. सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेच्या खिडकीवरचा माणूस म्हणतो, "कॅन्सरमध्ये गरोदर बसत नाही, बाळंत होऊन या." गाठीला सांगू का, थांब गं बाई, साहेबांचा जीआर यायचाय? दोन केमो म्हैस विकून झाल्या. उलट्या, तोंडात फोड, आणि पोटात हे लाथा मारतंय. रात्री त्याच्याशी काय बोलायचं तेच सुचत नाही.

आमच्याच जिल्ह्यात 1999 पासून सव्वा लाखावर बायका एका अभ्यासात घेतल्या होत्या. माझी आईही होती. एचपीव्ही हा या कॅन्सरमागचा विषाणू; आयुष्यात एकदा केलेल्या त्याच्या चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे जगाला आमच्या बायकांनी दाखवलं. 2009 साली ते छापूनही आलं. त्या विषाणूवरची लस पुण्यात बनते. तिशीपुढच्या प्रत्येकीला तपासा, हा केंद्र सरकारचा कागद 2016 चा. आणि 2019-21 च्या सरकारी पाहणीत देशात तपासलेल्या बायका किती? शंभरात दोन. त्या दोघींतही माझ्यासारख्या कागदावरच्या किती, देव जाणे. टार्गेट पुरं झालं, कुणाची तरी बढतीही झाली असेल.

गरोदर बाईचं नाव नोंदवता त्याच दिवशी तिला आतून तपासा. योजनेच्या खिडकीवर गरोदर म्हणून परत पाठवू नका. सोळा तारखेला माझी तिसरी केमो आहे, त्याआधी कार्डावरचं ते 'नॉर्मल' तेवढं खोडून द्या.

— एक लाभार्थी (तुमच्या यादीप्रमाणे)