हँडलच्या पाकिटावर माप आणि धातू छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की आमच्या पेडण्यात घरोघरी रंगकाम निघते आणि पाठोपाठ स्वयंपाकघरातल्या कपाटांचा विषयही निघतो. हरमलला खारी हवा थेट ओट्यापर्यंत येते. कपाटांची दारे धडधाकट राहतात, हँडले मात्र दोन-तीन पावसाळ्यांत कामातून जातात. मग सुतार म्हणतो, "बाई, सगळे किचनच बदलून घ्या." हा खर्च लाखाच्या घरात जातो. मी दारांना हात न लावता फक्त हँडले आणि नॉब बदलले. वीस नग, दोन हजारांच्या आत. सगळ्या गृहिणींनी आधी हाच मार्ग पाहावा, असे मला मनापासून वाटते.

अडचण आहे ती खरेदीची. आमची आधीची हँडले दुकानदाराने "स्टीलची" म्हणून दिली होती. निघाली जस्ताच्या ओतकामाची, वर क्रोमचा मुलामा. ओले हात लागतात त्या आतल्या बाजूला आधी फोड आले, मग मुलामा माशाच्या खवल्यासारखा सुटला आणि खालून पांढरी पूड येऊ लागली. त्या सुटलेल्या कडेने माझ्या सुनेचे बोट कापले. आता मी हँडल उलटे करून स्क्रूच्या भोकात डोकावते. आत मळकट करडा धातू दिसला की परत ठेवते. लोहचुंबक लावून स्टीलची प्रत कळत नाही, कारण 202 आणि 304 या स्टेनलेस स्टीलच्या दोन्ही प्रतींना तो सहसा चिकटत नाही. समुद्राजवळ मात्र 202 पेक्षा 304 जास्त टिकते. त्यात निकेल जास्त असते, 202 मध्ये पैसे वाचवायला निकेलच्या जागी मँगनीज घातलेले असते.

दुसरी गोष्ट मापाची. दोन भोकांमधले अंतर बहुधा 64, 96, 128 किंवा 160 मिलिमीटर असते. मोजायचे ते एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत. हे जुळले तर नवे भोक पाडावे लागत नाही. सनमायकावर बुजवलेले भोक कितीही रंगवले तरी डोळ्यांत खुपते. नॉबला एकच भोक लागते, म्हणून दोन भोकांच्या दारावर नॉब हवा असेल तर मागे पट्टी असलेला घ्यावा, ती रिकामे भोक झाकते.

पाकिटातले स्क्रू बहुतेक 25 मिलिमीटरचे असतात. 18 मिलिमीटरच्या प्लायला ते चालतात, पण दुहेरी फळीच्या ड्रॉवरला 40 च्या आसपास लागतात. शिवाय ते साध्या लोखंडाचे असतात, त्यामुळे दाराच्या आत तांबडे ओघळ येतात. स्टेनलेसचे एम-4 (4 मिलिमीटर जाडीचे) स्क्रू सुटे मिळतात, त्यांचा खर्च किरकोळ.

हे सगळे मला सुताराच्या मागे लागून विचारावे लागले. पाकिटावर भोकांचे अंतर नाही, धातूही नाही, नुसते गुळगुळीत चित्र. मापाला महत्त्व असलेल्या वस्तूच्या पाकिटावर ते माप छापणे पॅकबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. वजन-मापे खात्याने चवथीच्या खरेदीआधी हार्डवेअरच्या दुकानांत फिरून एवढे तरी तपासावे. सुट्या मालाला हा नियम लागत नाही, तिथे दुकानदारांनी आपणहून धातू आणि त्याची प्रत बिलावर लिहून द्यावी. ग्राहकांनीही पक्के बिल मागून घ्यावे. त्याशिवाय पुढच्या पावसाळ्यात तक्रार घेऊन जायला हातात काहीच राहत नाही.

आपली,
एक गृहिणी, हरमल (पेडणे)