नालासाठी घोडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सेलच्या जाहिरातींत हल्ली मिक्सर-इस्त्रीच्या शेजारी चार्जिंगचे, विजेवर चालणारे टूथब्रश दिसू लागले आहेत. सातशे-आठशेपासून पुढे कितीही. मी दातांचा डॉक्टर नाही. ठाण्यात कोपरीला माझे मिक्सर, इस्त्री, ट्रिमर दुरुस्तीचे दुकान आहे, अठ्ठावीस वर्षे झाली. पण अलीकडे महिन्याकाठी चार-पाच असे ब्रश काउंटरवर येतात आणि त्यांतले निम्मे मी परत पाठवतो. का, ते सांगायला हे पत्र.

सुरुवात घरातूनच झाली. पावसाळ्यात सोसायटीच्या जिन्यावर पाय घसरून सौ.चे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले तरी मनगट वळेना. डाव्या हाताने ब्रश करायची तर निम्मी पेस्ट हनुवटीला. मुलाने मोबाइलवरून चार्जिंगचा ब्रश मागवला, 799 रुपये, वर सहा हेड, म्हणजे झिजल्यावर बदलायची केसांची टोके, फुकट. मी हसलो होतो. आमच्या आजीने राखुंडीवर जन्म काढला, आणि इथे दात घासायला मोटर! पण ब्रश चालला, सौ. खूश.

तीन महिन्यांना एक या हिशेबाने सहा हेड दीड वर्षात संपले. नवे मागवायला गेलो तर ती वस्तूच दिसेना. खोक्यावरचा नंबर कोणी उचलेना. गावदेवीपासून जांभळी नाक्यापर्यंत औषधांची दुकाने पालथी घातली. प्रत्येक कंपनीच्या दांड्याची घडण वेगळी, एकाचे हेड दुसऱ्याला बसत नाही. शेवटी त्यातल्या त्यात जवळचे एक हेड आणून, नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप दांड्याला लावून बसवले. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते उडून आरशावर आपटले. त्यावर घरात जे ऐकून घेतले ते छापण्यासारखे नाही. तो ब्रश अजून ड्रॉवरमध्ये आहे. चार्जरवर ठेवला की दिवा लागतो, बटण दाबले की गुणगुणतो. दोनशे रुपयांच्या हेडसाठी अख्खा नवा ब्रश घ्यायचा, म्हणजे नालासाठी घोडा.

दुसरी गोष्ट आतल्या सेलची, म्हणजे बॅटरीची. ब्रश कसा उघडतो ते सांगतो. बूड फिरवून काढायचे आणि वरचा दांडा लाकडावर दाबायचा, की आतला सगळा सांगाडा खालून बाहेर सरकतो. आधी दिसते ती पेस्टची वाळलेली पांढरी खरवड. मग रबराची एक बारीक रिंग. ती कडक झाली की पाणी आत शिरलेच म्हणून समजा, आणि मोटरच्या दांड्यावर तांबूस गंज चढलेला असतो. खाली बोटाएवढा सेल, पट्ट्या लावून बोर्डाला सोल्डर केलेला. त्याच्याही खाली केसासारख्या तारेची कॉइल. चार्जिंगच्या बैठकीतही अशीच एक कॉइल असते. दोन्ही मिळून एक ट्रान्स्फॉर्मर, अर्धा बैठकीत, अर्धा ब्रशात. म्हणून कुठेही उघडी पिन नाही आणि ओल्या हाताने धरला तरी शॉक नाही. या एका गोष्टीसाठी मी कारागिराला सलाम करतो. हल्लीच्या स्वस्त ब्रशांत मात्र बुडाला मोबाइलसारखे चार्जिंगचे भोक आणि वर रबराचे झाकण असते. ते झाकण सैल झाले की पाण्याला वाट मोकळी.

जुन्या पद्धतीचा निकेलचा सेल 1.2 व्होल्टचा, लिथियमचा 3.6-3.7. एकाच्या जागी दुसरा टाकून चालत नाही, चार्जिंगचे सर्किटच वेगळे. योग्य सेल लॅमिंग्टन रोडवर मिळतो, मी आणतो, बसवतोही. पण पुष्कळ ब्रशांचे बूड चिकटवूनच टाकलेले असते, ते उघडायचे म्हणजे फोडायचे. असे ब्रश मी परत देतो. मोटर ठणठणीत, आणि एका छोट्या सेलपायी सगळे भंगारात. (भंगारात तरी द्या, ओल्या कचऱ्यात नको. लिथियमचा सेल दाबला गेला तर पेट घेतो.)

अमेरिकेहून मुलाबाळांनी आणलेल्या ब्रशांची गत निराळीच. गेल्या दिवाळीनंतर घोडबंदर रोडवरचे एक आजोबा जळकी बैठक पिशवीत घालून घेऊन आले. तळाशी बारीक अक्षरांत 120 व्होल्ट लिहिलेले, आणि आपल्याकडे वीज 230ची. प्लगला अडॅप्टरचे टोक लावल्याने व्होल्टेज उतरत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ब्रश शाबूत होता, बैठक गेली.

माझी पुतणी दंतवैद्यकी शिकते. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा 2014चा आढावा तिने समजावून सांगितला. 56 चाचण्या, पाच हजारांवर माणसे. विजेच्या ब्रशने तीन महिन्यांनंतर साध्या ब्रशपेक्षा दातांवरचा थर 21 टक्के आणि हिरड्यांची सूज 11 टक्के कमी. म्हणजे फायदा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तसा चमत्कार नाही. मला त्यातले दुसरेच वाक्य आवडले: किंमत आणि टिकाऊपणा यांची नोंद त्या चाचण्यांत एकसारखी नव्हती. माझ्या काउंटरवर ती रोज होते!

तिच्याकडून आणखी एक कळले. ब्रश दातावर नुसता टेकवायचा आणि सावकाश पुढे न्यायचा. आपण सवयीने खसाखसा घासतो, त्याने हिरड्याही दुखावतात आणि मोटरवरही ताण येतो. त्यामुळे दोन मिनिटांनी बंद होणारा किंवा खूण देणारा टायमर हवा, आणि जास्त दाबले तर सूचना देणारी सोय असली तर त्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत. मोबाइलला जोडणारे, पाच तऱ्हांनी थरथरणारे प्रकार सोडून द्या. घरात दोघे असाल तर मोटरची दांडी एक आणि ओळखू येतील असे रंगीत रिंगचे दोन हेड, एवढ्यात भागते.

माझे म्हणणे एवढेच आहे. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे 2011च्या आवेष्टित वस्तू नियमांनी सक्तीचे आहे. त्याच जागी आणखी दोन ओळी छापायला लावा: सुट्या हेडची किंमत, आणि सेल बदलता येतो की नाही. युरोपात 2023 साली बॅटऱ्यांचा नवा कायदा झाला. 18 फेब्रुवारी 2027पासून तिथे लहान उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. पाण्यात वापरायच्या वस्तूंना सूट आहे, पण तीही एवढीच की निदान कंपनीबाहेरच्या कारागिराला ती काढता यावी. म्हणजे माझ्यासारख्याला. तिकडच्या बाजारासाठी जी कंपनी बूड उघडते ठेवील, तिने इकडे पाठवताना त्याला गोंद का लावावा?

तोवर सौ.ची पद्धत सांगतो. यंदा तिने दुकानात जाऊन आधी हेड मागितले. दुकानदाराने दोन कंपन्यांची पाकिटे पुढे टाकली, तिने किंमत विचारली, चाराने गुणली आणि मग त्यातल्या एकाच कंपनीचा साधा, एकाच बटणाचा ब्रश घेतला. सतराशेला पडला. हेडचे वर्षाला हजार धरा.

आणि दुकानात ब्रश दुरुस्तीला आणाल तेव्हा चार्जिंगची बैठकही सोबत आणा. बरेचदा दोष तिच्यातच निघतो आणि माणसाला परत घरी पाठवावे लागते.

आपला,
एक दुरुस्तीवाला
कोपरी, ठाणे (पूर्व)