वाचलेलं राहत का नाही

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, राज्यघटना तीनदा वाचून झाली तरी टेस्टला बसलं की सगळं एकमेकांत मिसळतं. सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या कुठल्याही अभ्यासिकेत विचार, हीच तक्रार ऐकू येईल. तुझ्या डोक्यात काही खोट नाही. चुकतंय ते परत परत वाचण्यात.

दुसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात, डोळे भराभर पुढे सरकतात आणि आपल्याला वाटतं, हे येतंय. पण ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे पुन्हा वाचायला लावले, काही न बघता आठवेल तेवढे लिहून काढायला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचलेलं जास्त आठवत होतं, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने पारडं फिरलं. पुन्हा वाचलेलं 42 टक्क्यांवर आलं, लिहून काढलेलं 56 वर राहिलं. लिहिल्यावर बरोबर-चूक दाखवलंही नव्हतं, तरी! त्यामुळे अप्पा बळवंत चौकातून आणखी एक गाईड आणून काही साधणार नाही. हायलायटरचंही तेच. पान पिवळं होतं, बाकी काही होत नाही.

चार-पाच पानं वाच, पुस्तक मीट, कोरा कागद घे. आठवेल ते मुद्द्यांत लिही. अडलीस की लगेच पान उघडू नकोस, मिनिटभर झगड. आठवण पक्की होते ती त्या झगडण्याने. मग पुस्तकाशी ताडून सुटलेलं आणि चुकलेलं लाल पेनाने लिही. ही ताडणी त्याच बैठकीत कर, नाहीतर आपणच लिहिलेली चूक पक्की होऊन बसते. पुढच्या वेळी सुरुवात त्या लाल ओळींपासून. मोबाईल मात्र दप्तरात ठेव. मनात एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी धरता येतात, त्यातली एक जागा त्याला कशाला द्यायची?

आता मिसळण्याबद्दल. सारख्या दिसणाऱ्या गोष्टी आठवताना एकमेकींना अडवतात. तुझे तीन अनुच्छेदच बघ: 352 राष्ट्रीय आणीबाणी, 356 राष्ट्रपती राजवट, 360 आर्थिक आणीबाणी. वेगवेगळ्या दिवशी सुटे पाठ केलेस तर मुदती एकीच्या दुसरीला चिकटणारच. तिन्ही एका कागदावर शेजारी मांड आणि फक्त फरक विचार. संसदेची मंजुरी 352 ला एका महिन्यात आणि विशेष बहुमताने. बाकी दोघींना दोन महिन्यांत, साध्या बहुमताने. मग 'का' विचार. 1975 ची आणीबाणी 'अंतर्गत अशांतता' या कारणावर लागली होती. पुन्हा तसं सहज होऊ नये म्हणून 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने ते कारण काढून 'सशस्त्र बंड' घातलं, मुदत दोन महिन्यांवरून एकावर आणली आणि विशेष बहुमताची अट घातली. हे कारण कळलं की 'एक महिना' हा आकडा सुटा राहत नाही, त्याला धरायला जागा मिळते. क्रेक आणि लॉकहार्ट यांनी 1972 मध्ये हेच मांडलं होतं: अर्थाच्या अंगाने हाताळलेलं टिकतं, नुसतं घोकलेलं उडून जातं.

उजळणीचं अंतर परीक्षेच्या तारखेवरून ठरव. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये तेराशेहून अधिक लोकांवर हे तपासलं. शेवटची परीक्षा उजळणीनंतर आठवड्याने असेल तर पहिला अभ्यास आणि उजळणी यांत एखादा दिवस पुरे; सत्तर दिवसांनी असेल तर साधारण तीन आठवडे चांगले ठरले. एकच उजळणी करणाऱ्यांचा हा हिशोब आहे. तुला अनेक करायच्या आहेत, म्हणून माझ्या मते दुसऱ्या दिवशी एकदा, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. मधे बरंच विसरलेलं असेल, घाबरू नकोस. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर निरर्थक अक्षरं पाठ करण्याचे प्रयोग करून ते 1885 मध्ये प्रसिद्ध केले, त्यांत सर्वांत मोठी गळती पहिल्या तासाभरातच झाली होती. पुढे वेग मंदावतो. अर्थ असलेला मजकूर तर याहून बरा टिकतो.

अभ्यासिका रात्रभर उघडी असते म्हणून रात्रभर बसायचं नसतं. दिवसभराचं वाचलेलं झोपेत पक्कं होतं. ती कापलीस तर त्या दिवसाचीच मेहनत कापलीस.

सीसॅटच्या, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या अभियोग्यता चाचणीच्या, गणिताला कोऱ्या कागदाची युक्ती फारशी लागू नाही. तिथे टक्केवारी, काळ-वेग, नफा-तोटा असे प्रकार एकत्र मिसळून सोडव. एकाच प्रकाराची वीस गणितं ओळीने सोडवली की सूत्र आधीच माहीत असतं, आणि परीक्षेत नेमकं कुठलं सूत्र लावायचं तेच ओळखायचं असतं. मिसळून सोडवताना सुरुवातीला गुण कमी पडतील. पंधरा दिवस तरी त्यावरून पद्धत बदलू नकोस.

मेसचा डबा वेळेवर खात जा.

तुझी,
आई