भाव कुठे आहे ते आधी दाखवा

संपादक महोदय,
देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांची हापूस विकणारी अनेक संकेतस्थळे उघडली की आधी बागेची मोठमोठी छायाचित्रे आणि ‘आमच्याविषयी’ दिसते. गिऱ्हाईक मात्र पेटीत किती डझन, भाव काय, आपल्या पिनकोडला पेटी येते का आणि कधी, एवढेच शोधत असते. भाव चटकन दिसला नाही की त्याला लपवाछपवीचा संशय येतो, मग माल कितीही अस्सल असो. हे चारही प्रश्न पहिल्याच पडद्यावर सुटायला हवेत. भौगोलिक मानांकनाचा उल्लेखही तिथेच हवा.

कॅमेऱ्यातून काढलेला ४-५ एमबीचा फोटो तसाच चढवला, तर रेंज कमी असलेल्या गावात पान उघडतच नाही. रुंदी १२०० पिक्सेल ठेवून तो २०० केबीच्या आत आणावा. हिरव्यावर पिवळी अक्षरे उन्हात वाचता येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ हवे. ओटीपी उशिरा आला म्हणून भरलेला पत्ता पुसला जाणे तर अक्षम्यच, कारण दुसऱ्यांदा तो कोणी भरत नाही.

संकेतस्थळ गिऱ्हाइकाला सहज वापरता येते का, याच्या चाचणीला मोठा खर्च लागत नाही. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० सालीच पाच जण पुरेत असे सांगितले होते. संकेतस्थळ न पाहिलेल्या पाच जणांच्या हाती त्यांचाच मोबाइल द्या, ‘पुण्याला एक पेटी मागवा’ एवढेच सांगा आणि गप्प बसा. मदत केलीत तर चाचणी वाया गेली. बोट जिथे अडखळते तिथली दुरुस्ती हंगामाआधी, जानेवारी-फेब्रुवारीतच करून घ्यावी.

— एक वाचक, रत्नागिरी