मनीच्या वाढदिवसाची आरास

वडोदरा,
१६ डिसेंबर २०२५

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सगळं बोलणं होत नाही, आणि बाबा तर दोन वाक्यांत फोन आईकडे देतात, म्हणून मुद्दाम लिहायला बसलेय. मनीच्या वाढदिवसाला यंदा सजावटीचं काहीही विकत आणायचं नाही, जे काही लागेल ते घरीच हातानं करायचं, असं आम्ही ठरवलंय. आणि तुम्हा दोघांशिवाय ते व्हायचं नाही. तेव्हा वाढदिवसापुरतं दोन दिवस येऊन परत पळू नका. संक्रांतीच्या आधी या आणि रथसप्तमी करूनच जा.

तारखाही छान जुळून आल्यात. संक्रांत १४ जानेवारीला, मनीचा पाचवा वाढदिवस २४ला, शनिवारी, आणि लगेच दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. पाच वर्षांपर्यंतच बोरन्हाण करतात, म्हणजे तिचं हे शेवटचं. दोन्ही एकाच संध्याकाळी करू. आधी औक्षण, मग बोरन्हाण, मग केक. सासूबाईंना विचारलं, त्या लगेच तयार झाल्या. सोसायटीतल्या गुजराती मुलांना बोरन्हाण म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि चॉकलेटं पडणार आणि ती वेचायची, एवढं मनीनं त्यांना सांगून ठेवलंय. ती सगळी दिवस मोजतायत.

इथे हल्ली वाढदिवस कसे होतात ते तुम्ही गेल्या खेपेला पाहिलंत. हॉलच्या एका भिंतीला फुग्यांची कमान, मुलाचं नाव दिव्यांच्या अक्षरांत, पुढे सोफा. डेकोरेशनवाला दुपारी येऊन उभारतो आणि रात्री काढून नेतो. मधल्या वेळात कुणी मूल कमानीजवळ गेलं की मोठी माणसं ओरडतात, ‘हात नको लावूस!’ ज्याचा वाढदिवस त्यालाच हात लावायची मनाई, हे मला बघवत नाही. फोटो सुंदर येतात, नाही म्हणत नाही. पण पाच वर्षांच्या मुलाला भिंत बघायची नसते, त्याला ती चिकटवायची असते, रंगवायची असते, फाडून पुन्हा जोडायची असते. आणि ते करण्यातच त्याचा वाढदिवस आठवडाभर आधी सुरू होतो.

बाबा, तुम्ही गणपतीच्या मखराला थर्माकोल कधी लावू दिला नाहीत. सगळ्या आळीत पांढरेशुभ्र महाल उभे राहायचे आणि आपल्याकडे मात्र पुठ्ठा, घोटीव कागद आणि बेगड. तेव्हा मला शेजारचं मखर जास्त आवडायचं. आता सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे, १ जुलै २०२२पासून. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे, शंभर मायक्रॉनहून पातळ बॅनर, सगळं त्या यादीत आहे. तुम्ही कायद्याची वाट पाहिली नव्हतीत. बेगडाची ती फुलं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत, कात्रीनं कापून मग सुरीच्या पाठीनं पाकळ्यांना बाक द्यायचात ती. तसलीच फुलं मला पाटाभोवती हवीत.

आता मुख्य बेत सांगते. आरास करायची पतंगांची. इथलं उत्तरायण तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत, याची मला फार रुखरुख आहे. १४ला आणि १५ला, म्हणजे वासी (शिळ्या) उत्तरायणाला, सगळं शहर गच्चीवर असतं. पहाटेपासून ‘काप्यो छे!’च्या आरोळ्या, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या गच्चीवर, खालच्या बागेत, गाड्यांच्या टपांवर कापलेले पतंग नुसते पडलेले. १६ तारखेला झाडूवाल्या बाई ते गोळा करून कचऱ्यात टाकतात. यंदा ते सगळे पतंग आम्ही ठेवून घेणार. मुलांना तसं सांगून ठेवलंय, प्रत्येकानं आपापल्या घरचे आणायचे.

पतंगाचा कागद किती गुणाचा असतो, ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पातळ, पण ओढला तरी चटकन फाटत नाही, आणि मागून उजेड आला की रंग पेटल्यासारखा दिसतो. फाटलेल्या पतंगाचाही निम्मा कागद धड असतो. त्याच्या पताका कापायच्या. मधली उभी काडी, तिला इथे ढढ्ढो म्हणतात, ती सरळ आणि ताठ. आडवी कमानीची काडी बारीक आणि लवचीक, हवी तशी वाकते. बाबा, या काड्यांचा आकाशकंदील होईल ना? तुमच्या बांबूच्या कामट्यांएवढ्या जाड नाहीत, पण दोन-दोन एकत्र बांधल्या तर सांगाडा उभा राहील असं मला वाटतं. सांध्याला दोरा कसा गुंडाळायचा ते तुम्हीच दाखवायला हवं. मला नेमकं आठवत नाही, आणि व्हिडिओंत सगळे गरम गोंदाची बंदूक घेऊन बसलेले असतात. मुलांच्या हातांजवळ ती मला नको.

चिकटवायला खळच करू. मैद्याची, मंद आचेवर, गुठळी न होऊ देता. आई, आजी त्यात मोरचूद घालायची ना, किडे लागू नयेत म्हणून? तो मात्र अजिबात नको, विषारी असतो आणि ही मुलं बोटं चाटणारच. रोज लागेल तेवढीच ताजी खळ करायची, उरली की टाकून द्यायची.

एक गोष्ट मी फार कडक ठेवणार आहे. पतंगाला चिकटलेला मांजा मुलांनी सोडवायचा नाही. काचेच्या भुकटीनं बोट कापतं आणि कापल्याचं कळतही नाही. नायलॉनचा मांजा २०१७पासून हरित लवादानं बंद केलाय, तरी एखादा तुकडा निघतोच. म्हणून हातमोजे घालून मोठ्यांनी आधी सगळा दोरा काढायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा द्यायचा, आणि मगच कागद मुलांपुढे ठेवायचा. झाडांत अडकलेला दोराही, काठीनं पोहोचेल तेवढा, आम्ही काढणार आहोत. उत्तरायण संपलं तरी पक्षी त्यात अडकत राहतात. सरकारचं करुणा अभियान असतं दरवर्षी जानेवारीत, जखमी पक्ष्यांसाठी. मनीनं ते शाळेत ऐकलंय आणि तेव्हापासून तिच्या चित्रातल्या प्रत्येक पतंगाशेजारी एक पोपट असतो. म्हणून कंदिलाच्या झिरमिळ्यांच्या मध्ये कागदाचे पोपट टांगायचे, ही तिची अट आहे.

भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे रंगवू, असं कुणीतरी सुचवलं होतं. इथून जवळच छोटा उदेपूरकडे राठवा लोक घराच्या भिंतीवर ते काढतात, फार देखणे असतात. पण ते नवस फेडण्यासाठी काढतात, देवाचं काम आहे ते. वाढदिवसाच्या भिंतीला मला ते बरं वाटेना. त्याऐवजी मनीनं आणि तिच्या मैत्रिणींनी हवे ते घोडे-हत्ती काढावेत. या गावात तर मुलांच्या खेळण्याला कुणी कमी लेखू नये. १९५०मध्ये सुरू झालेल्या इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजात के. जी. सुब्रमण्यन शिकवायचे, एवढे मोठे चित्रकार, आणि फाइन आर्ट्सच्या जत्रेसाठी लाकूड, मणी, चामड्याचे तुकडे जोडून ते खेळणी करायचे. मला हे कळलं तेव्हापासून घरात मण्यांचा डबा आणि लाकडाचे तुकडे मी टाकत नाही.

आता आई, तुझं काम. हलव्याचे दागिने. बाजारात तयार मिळतात, पण बऱ्याचदा आतला हलवा गुळगुळीत असतो, काटा नसतोच. मला तुझा काटेरी हलवा हवाय, आणि तो इथेच करायचा, माझ्यासमोर, म्हणजे मला येईल. सासूबाईंची पितळी परात कल्हई करून ठेवलीय. इथे जानेवारीत पहाटे चांगली थंडी असते, तेव्हा तो वेळ धरू. तू लहानपणी मला शेजारी बसवायचीस ते सगळं आठवतं. साखरेत थोडं दूध घालून मळी काढायची, परातीत तीळ, खाली अगदी मंद आच, चमचाभर पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. पाक कोरडा पडून साखर दाण्याला धरली की मगच पुढचा चमचा. घाई केली किंवा आच वाढली की आलेला काटा विरघळतो. तुझी बोटं लाल व्हायची आणि तू मध्येच ती ओल्या फडक्यावर ठेवायचीस. या खेपेला निम्मं मी करीन, तू फक्त कधी थांबायचं ते सांगायचं.

दागिने गुंफायला दुपारी बसू. सुई दाण्यातून जात नाही, दाणा फुटतो, म्हणून दुपदरी दोऱ्याच्या फासात एकेक दाणा अडकवायचा, एवढं मी शेजारच्या मुलींना सांगितलंय. त्यांतल्या दोघी-तिघी मोठ्या आहेत, चौथी-पाचवीतल्या, त्यांना शिकायचंय. तू मराठीत सांग, त्या गुजरातीत विचारतील, काही अडत नाही. काळं झबलं सासूबाई शिवतायत, त्यावर खडीच्या चांदण्या.

आलेल्या मुलांना परतभेट म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत पेन्सिल-खोडरबर द्यायचं नाही. प्रत्येकानं आपलं भिरभिरं करायचं आणि तेच घरी न्यायचं. चौकोनी कागद, चारी कोपऱ्यांतून मध्याकडे कापायचा पण मध्यापर्यंत न्यायचं नाही, एकाआड एक टोक आत वळवायचं. टाचणीऐवजी खराट्याचा हीर घेऊ. कागदाच्या पुढे एक मणी आणि मागे एक मणी घातला की कागद काडीला घासत नाही आणि फुंकरीसरशी फिरतो. हे मी घरी करून पाहिलंय, मणी नसला तर ते अडकतं. हिराची टोकं मात्र आधी बोथट करून ठेवायला हवीत.

बाबा, आता तुमच्याशी. परवा तुम्ही म्हणालात, ‘माझा हात थरथरतो, मी काय करणार, मी नुसता बसेन.’ ते मला रात्रभर लागून राहिलं. तुम्ही नुसतं बसायचं नाहीये. कात्री चालवायला इथे भरपूर हात आहेत, सगळ्यांना कात्रीच हवी असते. घडी घालणारं कुणी नाही. कागदाची ती घडी, जिला एकच काप दिला की पाच टोकांची चांदणी उघडते, ती मला येत नाही, मनीच्या बाबालाही येत नाही. कोन जरा हुकला की चांदणी वाकडी येते. तुम्ही घडी टेबलावर धरून नखानं दाबायचात, त्याला हात स्थिर लागत नाही, डोळा लागतो, आणि तो तुमचा अजून पक्का आहे. घडी तुमची, काप मनीचा, असं मी तिला सांगितलंय. पताकांचं माप, कंदिलाचे कोन, कुठल्या रंगाशेजारी कुठला, हेही तुम्हीच ठरवायचं. माझ्या लहानपणी मखर तुम्ही मला नुसतं बघू दिलं नाहीत, खळ लावायला बसवलंत. मनीलाही तुमच्या शेजारीच बसायचंय. रोज सकाळी अर्धा तास, दमलात की उठायचं.

तिकिटं मी ८ जानेवारीची काढतेय, खालचे दोन्ही बर्थ मिळतील असं बघते. परतीचं २७चं. बाबांची महिन्याची औषधं आणि चष्म्याचा जुना जोड बरोबर घ्या. गच्चीवर जायला लिफ्ट आहे, पण शेवटच्या सहा-सात पायऱ्या चढाव्या लागतात, त्यांना कठडा आहे. ऊन लागेल म्हणून टोप्या मी घेऊन ठेवल्यात. भाकरवडी आणि लीलो चिवडा आणून ठेवीन, उंधियू सासूबाई करणारच आहेत. बोरं, ऊस आणि हरभऱ्याचे घाटे इथे मिळतात, ते आणू नका.

पुण्याहून आणायचं ते एवढंच: मखराच्या ट्रंकेतली बेगड उरली असेल तर ती, बाबांची ती लांब पोलादी पट्टी, आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली सोनेरी जर. दागिन्यांसाठी मापं लिहून ठेवते, पुठ्ठे आधी कापून आणता येतील. मनीच्या डोक्याचा घेर ५० सेंटिमीटर, मनगट १३, दंड १७, कंबर ५३. मुकुटाला मागे नाडी ठेव, आई, ती एका जागी बसत नाही.

तुमची,
छकू