तक्रार : पोहण्याच्या सत्रात आमच्या बंड्याला झालेली पाण्याची बाधा

प्रति,
व्यवस्थापक,
श्वान पाळणाघर व जलतरण विभाग, पुणे

विषय : पूलमधील निष्काळजीपणा, उपचारखर्चाची भरपाई आणि सत्राच्या पद्धतीत बदल

महोदय,

गेल्या रविवारी सकाळी साडेदहाला मी आमच्या बंड्याला, चार वर्षांच्या लॅब्रॅडॉरला, तुमच्या उन्हाळी पूल सत्रासाठी सोडलं. साडेबाराला न्यायला आले तर तो भेलकांडत होता. पोट टम्म फुगलेलं, तोंडाला लाळेच्या तारा, हिरड्या पांढुरक्या. गाडीपर्यंत येईतो दोनदा नुसतं पाणी ओकला. पूलवरचा मुलगा म्हणाला, "ताई, खेळून दमलाय, घरी जाऊन झोपेल."

मी घरी न जाता दवाखाना गाठला, म्हणून बंड्या आज आहे. दारातच त्याला आकडी आली. रक्तातलं सोडियम १२१ निघालं. निरोगी कुत्र्याचं १४० च्या वर असतं. उष्माघात नव्हता, अंग तापलेलं नव्हतं. त्याने खेळता खेळता प्रमाणाबाहेर पाणी गिळलं होतं. इतकं पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येते. सोडियम भरून काढायचं तेही सावकाश, घाई केली तर मेंदूलाच इजा होते. दोन रात्री तो सलाइनवर होता आणि मी बाहेरच्या बाकावर.

हे कसं झालं ते तुम्हीच मला पाठवलेल्या व्हिडिओत दिसतं. सलग चाळीस मिनिटं टेनिसचा चेंडू फेकला जातोय. चेंडू तोंडात धरून पोहताना जबडा उघडा राहतो आणि दर फेरीला पाणी आत जातं. मग पाइपची धार सोडली, बंड्या ती चावत राहिला, सगळे हसले. मध्ये एकदाही त्याला बाहेर काढून बसवलेलं नाही. शेवटी तो डुलायला लागला तेव्हा ऊन लागलं असेल समजून त्याच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं. ते पाहताना माझे हात थरथरत होते.

त्या मुलावर माझा राग नाही. तो बंड्याशी मायेनेच वागत होता. पण "प्रशिक्षित देखरेख" असं तुम्ही पत्रकावर छापता आणि ही लक्षणं त्याला कुणीच शिकवलेली नाहीत, याला जबाबदार कंपनी आहे. त्याच व्हिडिओत एक पग लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात आहे. आखूड नाकाच्या कुत्र्याला धड धापाही टाकता येत नाहीत, तो तोंड पाण्याबाहेर किती वेळ धरणार? त्याच्या मालकांना कृपया आजच कळवा.

माझं म्हणणं असं : दवाखान्याचं पूर्ण बिल आणि सत्राचे पैसे परत करावेत. दहा-पंधरा मिनिटं पोहल्यावर कुत्र्याला बाहेर काढून सावलीत बसवावं, लघवीला न्यावं. चेंडूऐवजी चपटी चकती वापरावी, तोंड कमी उघडतं. पाइपची धार तोंडावर सोडणं बंद करावं. उलटी, झोकांड्या, लाळ, फुगलेलं पोट ही लक्षणं पूलपाशी मराठीत लिहून लावावीत, शेजारी पशुवैद्यांचा फोन नंबर. मे महिन्यात सत्रं सकाळी नऊच्या आत संपवावीत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन आणि पुढे ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
बंड्याची पालक

सोबत : दवाखान्याचं बिल, रक्ताचे तीन अहवाल, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ